पान दोनशे बारा

मावशीने युद्धाच्या काळात बटणं निवडली, हे घरात सगळ्यांना पाठ होतं. सैनिकांच्या कोटांची बटणं: मोठी एका डब्यात, लहान दुसऱ्यात, फुटकी तिसऱ्यात, आणि असं तीन वर्षं. त्यामुळे पुढे जन्मभर घरात कुणाचंही बटण तुटलं की ते मावशीकडे यायचं आणि मावशी ते असं काही लावून द्यायची की दुसऱ्या दिवशी पुन्हा हातात. "हिने तीन वर्षं बटणांत काढली म्हणे," तिची बहीण म्हणायची, "मग ते युद्ध आपण जिंकलो कसं?" मावशी हसून गप्प बसायची. गप्प बसण्यात तिचा हात धरणारं त्या घरात कुणी नव्हतं.

खरं सांगायचं तर त्या तीन वर्षांत मावशीने एकाही बटणाला हात लावला नव्हता, स्वतःच्या कोटाची सोडून. ती एका रिकाम्या केलेल्या शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर तीस बायकांबरोबर आकडे तपासत होती. कसले आकडे ते विचारायचं नाही, कुणी विचारलं तर सांगायचं नाही, आणि या दोन्हींवर पहिल्याच दिवशी सही. बटणांची थाप तिथल्या मोठ्या बाईंनीच शिकवलेली. मावशीने त्या सहीपायी कुणापाशी ब्र काढला नाही. आईपाशी नाही, बहिणीपाशी नाही, नवऱ्यापाशी तर नाहीच. तो बिचारा बटणांवर विश्वास ठेवूनच गेला.

मग ती नव्वदीला टेकली तेव्हा एक सरकारी पत्र आलं. सदर काम आता गुप्त राहिलेलं नाही, संबंधितांनी बोलण्यास हरकत नाही. त्या आकड्यांची कोष्टकं तोफांसाठी होती, तोफ किती उचलली की गोळा किती लांब पडेल त्याची, हेही पत्रात होतं. "हे आम्हाला तेव्हाच कळलं होतं," मावशी म्हणाली. "आम्ही काय दुधखुळ्या होतो? आणि आता बोला म्हणे. ज्यांच्याशी बोलायचं ते सगळे पुढे गेले."

पत्र वाचून दाखवलं होतं भाचीने. भाची स्वतः साठी ओलांडलेली, मावशीला सांभाळायला म्हणून राहायला आलेली, आणि आता दोघींत कोण कुणाला सांभाळतं हा वादाचा विषय होता. तिने चाळीस वर्षं दातांच्या दवाखान्यात रोग्यांची नावं लिहून घेतली होती, त्यामुळे अर्धं गाव तिच्या ओळखीचं, आणि पोटात काही ठेवायची तिला सवय नाही. बातमी घराबाहेर पडली, सात-आठ वर्षं इकडे तिकडे हिंडली, आणि एका मंगळवारी सकाळी खांद्याला भलीमोठी पिशवी अडकवून त्यांच्याच दारात येऊन उभी राहिली.

पिशवीवाली मुलगी तिशीची होती, केस कानापर्यंत कापलेले, बोलणं भरभर. ती संगीत रचायची. गावातल्या सभागृहाने तिला काम दिलं होतं: आठ बायकांच्या आवाजांसाठी नवी रचना, वाद्य एकही नाही, आणि विषय युद्धात गुपचूप राबलेल्या बायका. तिने दफ्तरखान्यात जाऊन त्या शाळेतली जुनी पानं शोधून काढली होती, त्यांची छायाचित्रं घेतली होती, आणि आकड्यांचंच गाणं करायचं ठरवलं होतं. शब्द नाहीत. नुसते आकडे.

"आकड्यांचं गाणं," भाची म्हणाली. "लोक तिकीट काढून येतील?"

"येतात हो," पिशवीवाली म्हणाली. तिला हा प्रश्न नवा नसावा.

मावशी आता अठ्ठ्याण्णव वर्षांची. डोळ्यांनी चार वर्षांपूर्वी राजीनामा दिला होता. माणसं धुक्यातल्या खांबांसारखी दिसायची आणि छापलेलं तर काहीच नाही. कान मात्र अजून नोकरीवर होते. शेजारचा नळ टपकायला लागला की शेजाऱ्यांच्या आधी मावशीला कळायचं. तर त्या कानांनी तिने पिशवीवालीने ध्वनिमुद्रित करून आणलेला नमुना ऐकला. आठ बायका फार सावकाश, फार खोलवरून, एकेक आकडा लांबवत होत्या. मधूनच कुणीतरी उसासा टाकत होतं.

तो संपल्यावर मावशीने विचारलं, "कोण गेलं?"

"म्हणजे?"

"नाही, मयताचं आहे ना? कुणाच्या?"

पिशवीवालीचा चेहरा पडला असणार. मावशीला दिसला नाही, पण खुर्ची करकरली ती ऐकू आली. "मला वाटलं," मुलगी म्हणाली, "तो ताण, ते एकटेपण..."

"कसलं एकटेपण? तीस जणी होतो. संडासाला जायचं तर रांग. हे बघ, आम्ही असं म्हटलं असतं ना, तर दुपारपर्यंत सगळ्या आडव्या झाल्या असत्या. आमचं झरझर असायचं."

"म्हटलं असतं? तुम्ही आकडे म्हणायचात? सुरात?"

उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. इतकी वर्षं ओठ शिवलेल्या बाईच्या तोंडून मयताच्या गाण्यावरच्या रागात ते निसटलं. दफ्तरखान्यातल्या एकाही कागदावर ही गोष्ट नव्हती. मोठ्या बाई असल्या गोष्टी कागदावर लिहिणाऱ्यांतल्या नव्हत्या. पिशवीवाली आता खुर्चीच्या टोकाशी आली होती आणि वही उघडल्याचा आवाज झाला होता. मावशीने चहा मागवला, तो आला, दोन घोट घेतले आणि सांगायला सुरुवात केली. पत्र आलंच होतं की, हरकत नाही म्हणून.

काम असं चालायचं. एक बाई हिशेब करणार, दुसरी तो टाइप करणार, आणि टाइप केलेलं पान तपासायला दोघी समोरासमोर बसणार, एक वाचणारी आणि एक ताडणारी. वाचणारीच्या हातात टाइप केलेलं पान. ताडणारीच्या पुढे मूळ हिशेब आणि एक लाल पेन्सिल. वाचणारीने मोठ्याने वाचायचं, ताडणारीने हिशेबावर ओळीओळीला खूण करत जायची, चूक आढळली तर 'थांब' म्हणायचं आणि पान मोठ्या बाईंकडे द्यायचं. वाचणारीला पेन्सिल मिळायची नाही. कुणी परस्पर काही दुरुस्त करता कामा नये, असा नियम होता. पानाच्या तळाशी दोघींची आद्याक्षरं. आणि ताडणारीकडून चूक सुटल्याचं उघडकीला आलं, तर ताडणारी त्याच संध्याकाळी घरी.

आता दिवसाला आठ तास पाच-पाच आकडी संख्या वाचल्या तर माणूस झोपतो किंवा भ्रमिष्ट होतो. म्हणून त्या बायकांनी आकड्यांना सूर लावून घेतले होते. एक सगळ्यात खाली, नऊ सगळ्यात वर, मधले पायरीपायरीने, आणि शून्याला नुसतं 'हं'. कोष्टकातले आकडे बेताबेताने वाढतात, त्यामुळे प्रत्येक ओळीची सुरुवात वरच्या ओळीसारखीच वाजायची. चुकीचा आकडा मध्ये घुसला की चाल कोसळायची. डोळ्यांना सापडायच्या आधी चूक कानांना सापडायची.

"हे कुणी शोधलं?" पिशवीवालीने विचारलं. तिची पेन्सिल धावत होती.

"माझ्या जोडीदारणीने. टाचणी म्हणायचो आम्ही तिला. अंगाने तशी आणि जिभेनेही तशी. ती वाचणारी, मी ताडणारी. भाजी चिरल्यासारखी वाचायची."

"तुमचीच पानं घेतली आहेत मी," पिशवीवाली खुशीत म्हणाली. "तुमची आद्याक्षरं शोधून काढली. तुम्हाला नंतर सांगणार होते. तीन पानं आहेत. एकशे चार, एकशे नव्वद आणि दोनशे बारा."

हातातली बशी मावशीने हळूच टेबलावर ठेवली, आवाज होऊ न देता.

दोनशे बारा. खाई त्याला खवखवे म्हणतात, आणि मावशीला ते पान अठ्ठ्याहत्तर वर्षं खवखवत होतं. गोष्ट अगदी साधी, म्हणूनच लाजेची. एका दुपारी समोरच्या घराच्या छपरावर मांजर अडकलं होतं आणि आगीच्या बंबावरचा एक जवान शिडी लावून वर चढत होता. मावशी वीस वर्षांची, खिडकीशी बसलेली. जवानाचे खांदे पाहण्यासारखे होते. टाचणी वाचत होती, मावशीचा हात खुणा करत होता, आणि डोळे शिडीवर. आणि त्यातच तिच्या कानाला लागलं: चाल कोसळली. चार-सात, चार-सात, चार-सात अशी चाललेली ओळ एकदम चार-एक म्हणून खाली आली. कानांना कळलं. पण नेमका तेव्हाच जवानाने मांजर धरलं, आणि मावशी 'थांब' म्हणायच्या ऐवजी सवयीने 'हूं' म्हणाली आणि खूण केली. टाचणीचं वाचन पुढे गेलं. मावशी भानावर आली तोवर पान संपलं होतं, आद्याक्षरं झाली होती आणि पानं न्यायला माणूस दारात उभा होता. सांगितलं असतं तर नोकरी गेली असती. ती गप्प राहिली. खाली उतरून जवानाने टोप काढला तर त्याला पूर्ण टक्कल. ज्याच्यासाठी पाप केलं तो असा.

टकलाचं तिला पुढे पुष्कळदा हसू आलं, आकड्याचं कधीच आलं नाही. सातच्या जागी एक म्हणजे सहा हजारांचा फरक. कुठल्या तोफेपाशी ते पान गेलं, तिचा गोळा कुठे कमी पडला, कुणावर पडला? युद्धानंतर रस्त्यात कुबड्या घेतलेला माणूस दिसला की मावशी पलीकडच्या बाजूने जायची. संसार झाला, तो चांगला झाला. तिने नवऱ्यावर प्रेम केलं, भाचरांना वाढवलं, भरपूर हसली, भरपूर जेवली. दुःखी बाई म्हणून तिला कुणीच ओळखलं नसतं आणि ती नव्हतीच. पण वर्षातून चार-पाच वेळा, भांडी घासताना किंवा केस विंचरताना, ती ओळ कानात वाजायची आणि हात थांबायचे. टाचणीला विचारता आलं असतं. पण टाचणी लग्न करून लांब गेली, वर्षाला दोन पत्रं पाठवायची आणि त्यात कोंबड्यांखेरीज काही नसायचं. पत्रं कुणीही फोडून वाचेल, आणि सही तर दोघींचीही होती. वीस वर्षांपूर्वी टाचणीही गेली.

"मावशी, बरं वाटत नाही का?" पिशवीवालीने विचारलं.

"बरं आहे. सूर आठवतेय."

आता इथे मावशीला माघार घेता आली असती. वय झालं, सूर आठवत नाहीत, म्हटलं असतं की संपलं. सूर न लावता ते पान म्हटलं तर चुकीचा आकडा कुणाच्या लक्षातही येणार नाही. सूर लावले तर सभागृहातल्या चारशे माणसांसमोर ती ओळ कोसळणार. पान पाहून घ्यावं तर डोळे नाहीत. भाचीला बघायला सांगावं तर काय बघायचं ते सांगावं लागणार, म्हणजे कबुली आलीच. मावशीने त्या मंगळवारी दुपारी खूप विचार केला आणि शेवटी स्वतःशीच म्हणाली, की शंभरीला दोन वर्षं राहिली. आता नाही ऐकलं तर कधी ऐकणार?

मग तिने शिकवलं. सलग पाच मंगळवार पिशवीवाली यायची, मावशी आकडे म्हणायची आणि मुलगी वहीत सूर उतरवायची. मावशीचा आवाज जुन्या दाराच्या बिजागरीसारखा झाला होता, पण सूर जागच्या जागी होते. भाची स्वयंपाकघरातून ऐकायची. तिसऱ्या मंगळवारी तिने दूधवाल्याला त्याचा घरनंबर सुरात म्हणून दाखवला. मयताच्या नमुन्याचे कागद पिशवीवालीने आपणहून फाडले; तिला मनापासून आनंद झाला होता आणि तो लपवायचं तिला सुचतही नव्हतं. "मावशी, मला वाटायचं तुम्ही सगळ्या भीतीत जगत होता," ती म्हणाली.

"भीतीही होती की," मावशी म्हणाली. "पण आठ तास कोण घाबरून बसणार? कामं असतात."

सहाव्या मंगळवारी तालीम होती. सभागृहाच्या मागच्या बाजूला एक लांब खोली, कडेला एकावर एक रचलेल्या खुर्च्या, लाकडी जमीन. पाय वाजतात म्हणून आठही गायिकांनी बूट दाराशी काढून ठेवले होते आणि त्या मोज्यांवर उभ्या होत्या. भाचीने मावशीला खुर्चीत बसवलं, गुडघ्यांवर शाल टाकली आणि स्वतः शेजारी बसली.

"कोणत्या कोणत्या उभ्या आहेत?" मावशीने विचारलं.

"एक उंच आहे. एक पोटुशी आहे. एक अगदी टोकाला, चष्मेवाली, हडकुळी. बाकीच्या आपल्या बऱ्या आहेत."

पान एकशे चार सुरू झालं आणि मावशीच्या अंगावर काटा आला. झरझर, टकटक, एक वाचते, दुसरी उचलते, तिसरी मागून पळत येते; आठ जणींचे आठ आवाज, जणू तीस टेबलं एकदम चालू झाली होती. मध्येच कुणीतरी खोकलं आणि सगळ्या हसल्या, तेही अगदी तस्संच. मावशीची बोटं शालीवर खुणा करायला लागली. भाचीने त्या बोटांकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच तिच्या लक्षात आलं, की आपली मावशी कधीकाळी एखाद्या कामात पटाईत होती. बटणांवरून कुणाला संशय आला नसता.

एकशे नव्वद झालं. मग पिशवीवाली उंच बाईला म्हणाली, "दोनशे बारा. तुम्ही सुरू करा."

मावशीने शालीची कड मुठीत धरली. ओळी तिला पाठच होत्या. जन्मभर त्याच तर वाजल्या होत्या. चार-सात-एक-तीन-दोन. चार-सात-दोन-नऊ-आठ. चार-सात-चार-सहा-चार. चार-सात-सहा-तीन-हं. आणि मग उंच बाईचा आवाज चारवर आला आणि सरळ खाली, एकवर, उतरला.

म्हणजे होतं. पानावर ते होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षं मनात कुठेतरी एक आशा होती, की आपल्या कानांनीच तेव्हा चूक केली असेल. ती आशा त्या क्षणी संपली. मावशीचे डोळे भरून आले. आणि तेवढ्यात, उंच बाई पुढच्या आकड्याकडे जाण्याआधीच, टोकाकडून दुसऱ्या एका आवाजाने ठणठणीत 'सात' म्हटलं. मग दोघींनी मिळून ओळ पुरी केली. सात-नऊ-सहा.

"थांब," मावशी म्हणाली.

मावशीचा आवाज अठ्ठ्याण्णव वर्षांच्या बाईचा नव्हता, हे भाचीने नंतर सगळ्यांना सांगितलं.

"ते सात कुठून आलं?"

"पानावर आहे तसंच," पिशवीवाली घाबरून म्हणाली. "टाइप केलेला एक आहे, तो खोडून वर हाताने सात लिहिलाय. सगळ्या पानांत हाताने केलेली ती एकच दुरुस्ती आहे, म्हणून तर मी हे पान घेतलं. काढून टाकू का?"

"लाल पेन्सिलीने?"

"नाही. लाल नाही. तपकिरी, थोडं तेलकट. दफ्तरखान्यातला माणूस म्हणतो गंज, मला वाटतं चॉकलेट."

मावशीच्या घशातून एक आवाज आला, तो रडण्याचा की हसण्याचा ते भाचीला कळेना, म्हणून तिने पाण्याचा पेला पुढे केला. तो मावशीने बाजूला सारला.

"भुवया," ती म्हणाली. "टाचणीच्या भुवया. तिला होत्या, पण इतक्या फिक्या की नसल्यासारख्याच. रोज सकाळी तपकिरी पेन्सिलीने काढायची. वाचणारीला पेन्सिल मिळत नसे, पण भुवयांची पेन्सिल कोण मोजतंय? ती असायची तिच्या खिशात."

आणि मग तिने सांगून टाकलं. मोज्यांवर उभ्या असलेल्या आठ अनोळखी बायकांसमोर तिने मांजर सांगितलं, शिडी सांगितली, जवानाचे खांदे सांगितले, आपली ती 'हूं' सांगितली. टकलापाशी पोटुशी बाई इतकी हसली की तिला बसायला खुर्ची द्यावी लागली. मावशीही हसत होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं.

"तिला ऐकू आलं होतं," ती म्हणाली. "स्वतःच्याच तोंडून निघालेलं. मी थांबवते का म्हणून बघितलं असेल तिने. मी कुठली थांबवतेय. मग तिने माझ्यापुढचा हिशेब उलटा वाचला असेल, खिशातून पेन्सिल काढली, दुरुस्त केलं आणि वाचत राहिली. सापडली असती तर तीच घरी गेली असती. आणि मला बोलली नाही. त्या दिवशी नाही, नंतर नाही. कोंबड्यांचं एवढं लिहायची. मी मूर्खासारखी..."

"तिला वाटलं असेल, तुला माहीत आहे," भाची म्हणाली. तिने मावशीचा हात धरला होता. "तू समोर तर बसली होतीस."

"समोर बसले होते," मावशी म्हणाली. "तेच तर."

पिशवीवालीने नाक पुसलं आणि विचारलं, की पुन्हा एकदा घेऊ का. मावशीने होकारार्थी मान हलवली. पण आधी तिने विचारलं, की सात कोण म्हणतं. टोकाची हडकुळी चष्मेवाली पुढे आली, खुर्चीपाशी उकिडवी बसली.

"छान आहे तुझा आवाज," मावशी तिला म्हणाली. "पण एवढ्या मोठ्याने नको म्हणूस. हळू म्हण. तिने कुणाला ऐकू जाऊ दिलं नव्हतं."

"किती हळू, मावशी?"

"मला ऐकू येणार नाही इतकं."

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. तिकीट काढून लोक आले होते. भाचीने दारात उभं राहून मोजले आणि तिचं समाधान झालं. मावशी तिसऱ्या रांगेत, केस नीट विंचरून, नवा कोट घालून. त्याची बटणं भाचीने लावली होती. एकशे चारला लोक सावध बसले, एकशे नव्वदला सैलावले, आणि दोनशे बारा सुरू झालं तेव्हा पाय ताल धरायला लागले होते. चार-सात, चार-सात, चार-सात. मग उंच बाईचा आवाज खाली उतरला, चार-एक, आणि त्याच्या पाठोपाठ टोकाच्या हडकुळ्या मुलीने ओठ हलवले. आवाज आला असेल तर पानावर पेन्सिल टेकण्याएवढा. ओळ पुढे गेली.

मागच्या रांगेतला एक माणूस बायकोच्या कानाशी वाकला. "चुकली बघ ती उंच," तो कुजबुजला, "आणि कुणी सावरलंही नाही."

मावशीने सावकाश मान वळवली. "सावरलं हो," ती म्हणाली. "लगेच सावरलं. तुम्हाला ऐकू आलं नाही." आणि पुन्हा समोर बघत, जवळजवळ स्वतःशीच, "मलाही नव्हतं आलं."